रेघेखालचं गाव

हालिनाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. आज माईंनी तो विषय थेट जेवायच्या पाटावर काढला.

"वासंतीचं पत्र आलंय कोल्हापूरहून," ताटात भात वाढत त्या म्हणाल्या. "तुमची ती पोलंडवाली अजून तिथेच आहे. छावणीतले सगळे गेले, ही एकटी राहिली. आता आपल्या देशाची नागरिक व्हायचा फॉर्म भरतेय. जन्म कोणत्या देशात झाला, तो रकाना मात्र कोराच. कारकून कोरा फॉर्म घेत नाही. आणि ही म्हणते, उज्जैनच्या मास्तरांचं उत्तर येऊ द्या."

बापू लघाट्यांचा घास हातातच राहिला. "थट्टा करत असेल."

"अकरा वर्षं कुणी थट्टा करतं? पंधरा तारखेच्या आत फॉर्म गेला नाही तर तिला देश सोडावा लागेल, असं लिहिलंय. कुठे जाईल हो ती?"

बापूंनी घास ताटात परत ठेवला.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटीत बापू कोल्हापूरला गेले होते. त्यांची चुलतबहीण वासंती तिथे पोलंडच्या निर्वासितांच्या छावणीत इंग्रजी शिकवत असे. बापू भूगोलाचे मास्तर. युरोपचा स्वतः काढलेला नकाशा बरोबर नेला होता. वीस-एकवीस वर्षांच्या एका मुलीनं त्यावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललंच नाही. ती हालिना. तिथे, पोलंडच्या पूर्व टोकाला, तिचं गाव होतं. नकाशात नव्हतं, म्हणून बापूंनी तिच्यासमोर एक ठिपका काढला.

पुढच्या वर्षी तिचं मोडक्या इंग्रजीतलं पत्र आलं. तीन मोठ्या दोस्त राष्ट्रांचे नेते काळ्या समुद्राकाठी बसून पोलंडची नवी सीमा ठरवत होते. छावणीत कोण कुठलं याची यादी होत होती. हालिनानं विचारलं होतं, "माझ्या जन्माचा देश कोणता लिहू? रशिया लिहिलं तर तिकडे धाडतील. पोलंड लिहिलं आणि गाव पलीकडे गेलं असलं, तर खोटं ठरेल. तुम्ही नकाशा जाणता. तुम्ही सांगाल तेच लिहीन."

बापूंनी वर्तमानपत्रं गोळा केली. एकात सीमेची रेघ एक होती, दुसऱ्यात वेगळी. तिसऱ्यात लिहिलं होतं, काही ठिकाणी ही रेघ पाच ते आठ किलोमीटर सरकेल. कोणत्या ठिकाणी, ते नव्हतं. हालिनाचं गाव रेघेपासून सहा किलोमीटरवर होतं. बापूंनी पेन्सिलीनं रेघ ओढून पाहिली, तर गाव रेघेच्या खालीच दिसेनासं झालं. त्यांच्या पेन्सिलीचं टोकच पंधरा किलोमीटर जाड होतं.

सीमा पक्की झाल्याशिवाय नकाशावर शाई फिरवायची नाही, हा त्यांचा नेम होता. पत्रालाही त्यांनी तोच लावला. पावसाळ्यात तह झाल्याचं कळलं. त्याचा नकाशा उज्जैनला काही आला नाही. मग इतका उशीर झाला की उत्तर लिहायचीच लाज वाटू लागली.

"कशाला इतका विचार?" माई म्हणाल्या. "जगाच्या सरहद्दी ठरेपर्यंत तुमची दौत वाळून जाईल. आणि उद्यापासून आपला मध्य भारत मोडून आपण मध्य प्रदेशात म्हणे. सामान बांधायचं का?"

बापू हसले नाहीत. ताटावरून उठून ते शाळेत गेले. परवा दिवाळी, वर्ग बंद होते, पण हेडक्लार्क दुबेजींनी पेन्शनच्या कागदांसाठी बोलावलं होतं.

"मास्साब, कल से फाइलें भोपाल जाएँगी. सब नया भरना है," दुबेजी म्हणाले. "जन्मस्थान तो उज्जैन. राज्य क्या लिखूँ? मध्य भारत आज शाम तक है, मध्य प्रदेश कल सुबह से."

"ग्वालियर स्टेट."

दुबेजींनी टाक खाली ठेवला. "वो तो कब की गई, मास्साब! जो है ही नहीं, वो कैसे लिखूँ?"

"तो क्या हुआ? स्टेट बाद में गई. मैं तो पहले पैदा हुआ था."

"वाह! ये बात भी सही है," म्हणत दुबेजींनी लिहून टाकलं.

बापू मात्र खुर्चीतच बसून राहिले. इतकं झटकन, काही न पडताळता, त्यांनी आयुष्यात कधी उत्तर दिलं नव्हतं. आपण बोललो ते बरोबर होतं का? त्यांनी ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. मग ग्वाल्हेरच्या जागी पोलंड घालून म्हणून पाहिलं.

सवयीनं त्यांचे पाय शाळेच्या वाचनालयाकडे वळले. जुना ॲटलास बघावा, एखादा ज्ञानकोश चाळावा. दारापाशी पोचून ते थबकले. आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. अकरा वर्षं ते तीन राष्ट्रांचं म्हणणं शोधत बसले होते, आणि तिनं तर फक्त स्वतःच्या जन्माचं विचारलं होतं.

देवास गेटच्या पोस्टात त्यांनी एक कार्ड घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून शाईनं लिहिलं. पेटीच्या तोंडाशी हात एकदा अडला. बरोबर असेल ना? मग त्यांनी कार्ड सोडलं. त्यावर एवढंच होतं :

"हालिनाबाई, पोलंड लिहा. उशिराबद्दल क्षमा असावी. ती रेघ तुमच्यानंतर आली."