कोपऱ्यातला पंजा

तिहुआना शहरातल्या टेकडीवर परदेशी स्वयंसेवकांनी एलिहियोला घर बांधून दिलं आणि जाताना ओल्या गिलाव्यावर आपापले पंजे उमटवले. ते गेल्यावर एलिहियोला खाली कोपऱ्यात आणखी एक लहानसा पंजा दिसला.

“शेजारचं कार्टं!” त्यानं थापी उचलली.

“राहू दे की, म्हाताऱ्या,” बायको ओफेलिया म्हणाली.

“पाहुण्यांनी घर बांधलं. यानं काय केलं?”

“पाणी वाहिलं असेल.”

कोपरा गुळगुळीत करून तो वळला, तर ओफेलिया हाताचं सिमेंट धूत होती. गिलावा अजून ओलाच होता. पण “ये, पुन्हा उमटव,” म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

आता ओफेलिया नाही. आल्यागेल्याला एलिहियो एकेक पंजा कुणाचा ते नावानिशी सांगतो. कोपऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. तिथं गिलावा फार छान बसलाय.