पायरीवरचा संप

वत्सलाने चर्चच्या दाराकडे पाठ फिरवली, नवऱ्याला हाताला धरून पायरीवर बसवलं आणि त्याच्या शेजारी ठिय्या दिला. आत गाणं सुरू झालं होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. सवयीने तोंड उघडलं तर संप मोडेल, याची तिला धास्ती होती.

भगवानबापू दारात आले. बमरोलीच्या त्या मंडळीत पाळकांच्या खालोखाल त्यांचा शब्द चाले.

"वत्सला, मझार ये, नही ते घर जाय," ते म्हणाले. आत नाही आणि घरीही नाही, असं मधेच बसलेलं माणूस त्यांच्या डोळ्यांत खुपत असे. "लोके हसतस."

"हसू द्या, बापू. मी संपवर शे."

हा नववा रविवार. संप कोणाशी, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. संप थेट देवाशी होता. अकरा महिन्यांपूर्वी कापडाच्या कारखान्यात चालत्या लूममधून शटल, म्हणजे सुताचा धोटा, उडालं आणि तिच्या नवऱ्याच्या, निंबाच्या, कानशिलावर बसलं. जखम भरली, हाड सांधलं, पण निंबाची वाचा गेली ती गेलीच. समोर ताट ठेवलं तर जेवायचा, उठवलं तर उठायचा, बसवलं तिथे बसून राहायचा. आपण होऊन काही म्हणजे काही करायचा नाही. वत्सलाने प्रार्थना केल्या, उपास केले. पाळक म्हणाले, धीर धर. शेजारणी म्हणाल्या, धीर धर. बापूंनी तर धीराची वचनं तिच्याकडून पाठ करून घेतली. धीर धरून धरून ती विटली. शेवटी एका रविवारी भर उपासनेत ती उभी राहिली आणि वर बघून तिने सगळ्यांदेखत बजावलं, निंबा मला माझ्या नावाने हाक मारीपर्यंत गाणं बंद, प्रार्थना बंद, हात जोडणंही बंद.

गंमत अशी, की तिच्या कारखान्याची सुटी सोमवारी असे. बॉबिनवर सूत भरायच्या कामाचा ती दर रविवारी खाडा करी, निंबाला न्हाऊ घाली, इस्त्रीचा सदरा चढवी आणि पांडेसऱ्याहून त्याला चालवत इथे संपाला आणी. एवढ्या वक्तशीरपणे ही बाई प्रार्थनेला कधी आली नव्हती, असं बापू म्हणत. ते खोटं नव्हतं.

संप कसा करायचा, हे तिला निंबानेच दाखवलं होतं. शहरात प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी तो कारखान्याच्या फाटकासमोर आठ दिवस बसला होता. उन्हात बसला, शिव्या खाऊन बसला. नवव्या दिवशी मात्र भर दुपारी घरी परत आला. मालक बायकापोरांना घेऊन मुंबईला निघून गेला होता. "मालकच नही, ते कोनापुढे बसानं?" असं म्हणून निंबाने चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. बोलता होता तेव्हा असं नेमकं बोलायचा.

आतलं गाणं एकदम थांबलं. खंजिरी फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि बापूंना बाजूला ढकलून जयश्री बाहेर आली. दर रविवारी खंजिरी तीच वाजवायची. तिचं तीन महिन्यांचं बाळ गुरुवारी गेलं होतं. त्याच्यासाठी अख्ख्या मंडळीने तीन आठवडे प्रार्थना केली होती. आज बायकांनी तिला बळेबळे आणलं आणि नेहमीच्या सवयीने तिच्या हातात खंजिरी दिली. काही वेळा माणसं प्रेमाने सुद्धा फार वाईट वागतात.

जयश्री पायऱ्या उतरली, तशी वत्सलाने तिचं मनगट धरलं.

"कोठे चालनी?"

"घर. आते मी आठे परत येत नही."

"पोरी, धीर..." मागून बापूंनी सुरुवात केली.

"बापू, तुम्ही चूप बसा!" वत्सला कडाडली. मग ती जयश्रीला म्हणाली, "घर जाईसन संप व्हस का? त्यानासंगे भांड. रड, बोंबल, काय करानं ते कर. पन आठे बस." रिकाम्या हाताने तिने पायरीवर थाप मारली.

"कोनापुढे बसू?" जयश्री किंचाळली. "मझार कोनीच नही शे!"

फाटकावरून परतलेला निंबाही हेच म्हणाला होता. नऊ आठवडे ती त्या दारावर चिडली होती. नवऱ्याचा गेलेला आवाज तिने त्या दाराकडे हक्काने मागितला होता आणि नकार समजून दर रविवारी कुढत घरी गेली होती. पण चटई गुंडाळावी, असं एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. का आलं नव्हतं, ते तिला आत्ता, या क्षणी कळलं, आणि कळल्याचा तिला रागही आला.

तिने मनगट सोडलं नाही. संपाच्या नऊ रविवारांत पहिल्यांदाच ती मागे वळली आणि उघड्या दाराकडे तिने बोट केलं.

"मालक मझार शे," ती म्हणाली. "बस."

आणि निंबाने, कोणी न सांगता, पायरीवर हातभर सरकून जयश्रीला जागा करून दिली.