आवाजावरून

“थांब. काही सांगू नकोस,” म्हणत क्लेटनने हनुवटी वर केली.

वुडवर्ड अव्हेन्यूवरून काहीतरी जड, गुरगुरत येत होतं. सिग्नलपाशी क्षणभर घुटमळलं आणि पुन्हा निघालं.

“पॉन्टिॲक जीटीओ. सदुसष्टची असावी. मालकाने कार्बोरेटरला नको तेवढे हात लावलेत. रंग?”

“हिरवा,” शेजारच्या खुर्चीतली बाई म्हणाली. “सावलीत काळपट, उन्हात सोनेरी.”

“हां, तो हिरवा!” म्हातारा खूश झाला.

मधुमेहाने त्याचे डोळे नेले होते. उन्हाळ्यातल्या शनिवारी अर्धं डेट्रॉइट जुन्या गाड्या घेऊन या रस्त्यावर फिरायला निघायचं, तेव्हा त्याचा मित्र हर्शल त्याला इथे घेऊन यायचा आणि कडेच्या गवतावर घडीच्या खुर्च्या मांडायचा. गाडी क्लेटन आवाजावरून ओळखायचा. रंग तेवढा दुसऱ्याने सांगायचा. गेल्या उन्हाळ्यापासून ते काम या बाईकडे आलं होतं. एके दिवशी ती चालत आली, इथे बसू का म्हणाली, नाव डोना सांगितलं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

तिची गाडी जपानी होती. दोन गल्ल्या मागे, चर्चच्या आडोशाला ती उभी करून यायची. क्लेटनने उभी हयात कारखान्यात गाड्या जोडण्यात घालवली होती. युनियनच्या आवारात परदेशी गाडी दिसली की ती ओढून न्यायला लावणाऱ्यांत तो पहिला. त्याला कळलं असतं तर ही खुर्ची गेली असती, आणि या खुर्चीखेरीज तिला कुठेच बसायचं नव्हतं.

हर्शल कोपऱ्यावरच्या टपरीवरून हॉट डॉग घेऊन आला. वरचा खिमा कागदात सांडला होता.

“आत्ता एकोणसाठची कॅडिलॅक गेली, क्लेटन. काय त्या मागच्या उभ्या शेपट्या!”

“मला ऐकू येतं. शेपट्या कसल्या! नवरीपेक्षा करवलीनेच जास्त दागिने घालावेत, तसली ती गाडी.”

“घरासमोरून गेली की तीन वेळा मान वळवायचास.”

“करवलीकडे माणूस बघतोच की.”

बाई हसली. “आणि आताच्या गाड्या?” उत्तर ठाऊक असूनही तिने विचारलं.

“आताच्या? झिजलेल्या साबणाच्या वड्या. कुठली कुणाची, काही कळत नाही. त्यात पुन्हा बोलतात. पट्टा लावलास का, डुलकी लागली का, रेघ सोडून कुठे चाललास. गाडी घेतली की सासू?”

“पण धडक बसली तर आतला माणूस वाचतो.”

क्लेटनने घास गिळला. “ते खरं आहे. आमच्या गाड्या देखण्या. धडकल्या की बंपर शाबूत आणि आतल्या माणसाचा चेंदामेंदा. सत्तरीतल्या तर दारात उभ्या उभ्या गंजायच्या. मीच जोडल्यात, मला कोण शिकवणार? लोकांनी दुसरीकडे बघितलं तर लोकांचं काय चुकलं?”

हर्शलचा घास हातातच राहिला. हे बोलणं त्याने या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“म्हणजे परदेशी गाडी घेणाऱ्यांना तुम्ही माफ केलंत?” तिने आवाज हलका ठेवायचा प्रयत्न केला.

“एक आली होती माझ्या दारात. घरच्याच माणसाची.”

“मग?”

“मग काय. तोंडात आलं ते सगळं बोललो. गाडी वळली आणि गेली.”

“आज आली तर?”

“आज मला दिसतंय कुठे?”

तो हसला, पण खुर्चीच्या दांडीवरची त्याची पकड सुटली नाही. हर्शल मोहरीचा सॉस आणायचा राहिला असं पुटपुटत उठून गेला. कागदावर सॉस भरपूर होता.

तिने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. मग तिला वाटलं, आज नको. आज तो हसतोय. पुढच्या शनिवारी.

“पुढच्या शनिवारी येशील ना?” क्लेटनने विचारलं. हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.

“येईन.”

बुधवारी सकाळी क्लेटन झोपेतून उठलाच नाही.

फ्युनरल होममध्ये ती शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसली. पुढे फुलं होती, कारखान्यातले म्हातारे होते, कोटात अवघडलेले. पहिली रांग मोकळी होती. सांगायचं ते सगळं तिच्यापाशी तसंच होतं आणि ऐकणारे कान मिटले होते. आता ते घेऊन कुठे जायचं, हे तिला कळत नव्हतं. प्रार्थना सुरू व्हायच्या आत निघून जावं, असा विचार करून तिने पर्स उचलली.

हर्शल समोर येऊन उभा राहिला.

“मागे का बसलीस? पुढे चल.”

“पुढे घरची माणसं बसतात. मी आपली रस्त्यावरची ओळख.”

तो तिच्या शेजारी टेकला. बराच वेळ आपल्या टोपीची कड चाचपत राहिला.

“लिनेट,” तो म्हणाला.

तिने मान वर केली. हे नाव तिने इथे कुणालाही सांगितलं नव्हतं.

“तू पहिल्या दिवशी दोन वाक्यं बोललीस आणि म्हाताऱ्याने तुला ओळखलं. तू गेल्यावर लहान मुलासारखा रडला. मग मला आणि कारखान्यातल्या या सगळ्या दोस्तांना दम दिला. म्हणाला, खबरदार, कुणी तिला माझी पोरगी म्हणालात तर. मी ओळखलंय हे कळलं की ती उठून जाईल.”

ती उठली. मधल्या वाटेने एकटीच पुढे गेली आणि शवपेटीच्या काठावर तिने दोन्ही हात ठेवले.

“डॅडी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी उठून गेले नसते.”