वीस झोके

"उद्यापासून हिला पाठवू नका," मुख्याध्यापिका म्हणाल्या. स्वमग्न जुईने झोपाळ्यावरून एका मुलीला ओढून खाली पाडलं होतं. जुईची ही तिसरी शाळा. गावात चौथी नव्हती.

"बाई, एकदा सांभाळून घ्या." जुईच्या आईने हात जोडले.

तेवढ्यात कोपर खरचटलेली ती मुलगी दारात आली. "चूक माझी आहे. प्रत्येकीने वीस झोके घ्यायचे, असं आमचं ठरलंय. मी तीस घेतले. जुई कधीच एकविसावा घेत नाही."

"म्हणून ओढायचं?" बाईंनी विचारलं.

"नाही. ते मी शिकवीन तिला. नंबर पाळायला आम्हाला तिनेच शिकवलं."

बाईंनी त्या मुलीचं खरचटलेलं कोपर पाहिलं. मग म्हणाल्या, "आठवडाभर बघू."

जुईच्या आईला तेवढंही पुष्कळ वाटलं.