शाबूत धागे

औषधाने आईचा कॅन्सर बरा झाला, पण बोटं कायमची बधिर झाली आणि शिवणकाम सुटलं. औषध पेशींच्या आतले बारीक धागे मोडायचं. त्यामुळे कॅन्सरची वाढ थांबली, पण बोटांच्या चेतापेशींचे धागेही तुटले. रसायनतज्ज्ञ लेक तेव्हापासून कॅन्सर रोखणारं, पण चेतापेशींना धक्का न लावणारं औषध घडवायच्या मागे होती. आज तिने आईला लॅबमध्ये आणून मायक्रोस्कोपपाशी बसवलं. "ही कॅन्सरची पेशी. नव्या औषधाने धागे विस्कटलेत, आता वाढणार नाही." मग तिने काच बदलली. "ही चेतापेशी. औषध तेच." दिसावेत म्हणून हिरवे रंगवलेले धागे लांबलचक, अखंड होते. "माझी बोटं याने बरी होतील?" आईने विचारलं. "नाही गं आई," लेकीचा आवाज उतरला. "इतरांना मिळायलाही वर्षं लागतील." "लागू देत. त्यांची बोटं तरी शाबूत राहतील." आई हसत पुन्हा वाकली. "सरक, मला नीट बघू दे."