राखीव खुर्ची

सुताराने हौसेने केलेली हिरवी खुर्ची आठ महिने दुकानात पडून होती. गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. "रंग बेडकाचाच झालाय," म्हणत सुतारही तिच्यावर रंधा आपटायचा. शेवटी वैतागून बायकोने तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: 'राखीव'. झालं! दुपारपर्यंत सगळे बाकीच्या खुर्च्या सोडून हिच्याभोवतीच. "कोणी राखली हो?" "काय रंग आहे!" "चार पैसे जास्त घ्या, पण आम्हालाच द्या!" संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई तर हटूनच बसल्या, तेही खुर्चीतच. बायकोने खुशीत चिठ्ठी काढायला हात पुढे केला, तोच सुतार आडवा आला. "माफ करा बाई, ही द्यायची नाहीये." बाई हिरमुसून गेल्या. बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, चिठ्ठी मीच लावलीय! तुमच्यासमोर!" "ठाऊक आहे गं," शर्टाच्या बाहीने खुर्ची पुसत सुतार म्हणाला, "पण एवढी माणसं उगाच का मागे लागतील?"