एका शब्दाचं एकमत

इंग्रजी-मराठी कोशाचे संपादक दोघेच: भावोजी आणि मेहुणा. 'को-ऑपरेट' या शब्दात मधली आडवी रेघ हवीच, हा भावोजींचा हट्ट. मेहुण्याच्या डोळ्यांत ती खुपायची. मग अर्थावरूनही जुंपली.

"मिळून काम करणे," भावोजी म्हणाले.

"'भावोजींचं निमूट ऐकणे' असं लिहा की! घरात तोच अर्थ चालतो," मेहुणा म्हणाला.

त्या एका शब्दापायी कोश अडला. "आज पानं आली नाहीत, तर कोश रद्द," प्रकाशकानं बजावलं. तेव्हा एकाची बायको आणि दुसऱ्याची ताई असलेल्या बाईनं दोघांना खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली.

"एकमत झालं की हाक मारा. तोवर चहा बंद!"

पाच मिनिटांत हाक आली.


कोश वेळेवर निघाला. तो शब्द तेवढा त्यात नाही.